घावली का खूण?

यकृताचा कर्करोग लवकर ओळखता येईल अशी खूण आम्ही रक्तात शोधतो. तुलनेला निरोगी माणसांचंही रक्त लागतं. त्यासाठी घोडेगावचे एक म्हशींचे व्यापारी अधूनमधून आमच्याकडे येतात. सुई टोचताना ते भिंतीकडे बघत बोलत राहतात.

"म्हशीचा कान धरला की दुखणं कळतं मला, ताई. बायकूचं न्हाई कळलं. डोळे पिवळे झाले तवर लई उशीर झाल्ता."

उठताना दर वेळी विचारतात, "घावली का खूण?"

मी नकारार्थी मान हलवते. एकदा तरी 'हो' म्हणायचंय मला.

काल सांगितलं, "काका, नमुने पुरेसे झाले. आता येऊ नका."

ते दुसऱ्या हाताची बाही वर सारत म्हणाले, "ह्या हाताचं बघ की, पोरी."