ड्रम दारातून निघेना

"घाऊक घेतलं की फायदाच असतो." आमच्या ह्यांचं हे वाक्य लग्न झाल्यापासून इतक्यांदा ऐकलंय की मला झोपेतून उठवून विचारलंत तरी म्हणून दाखवीन. हे केबलवाले. अंबरनाथ पश्चिमेला आमच्या चाळीच्या आजूबाजूच्या गल्ल्यांत टीव्ही म्हणजे ह्यांची वायर. मॅच चालू असताना चित्रात मुंग्या आल्या की लोक टीव्हीवर नाही, आमच्या दारावर थापा मारायचे.

मुंग्या का येतात? जॉइंटमुळे. पोळ्या लाटता लाटता मी हे शास्त्र शिकले. तुकड्यांनी घेतलेली केबल जोडत जोडत न्यावी लागते. प्रत्येक जोडावर सिग्नल थोडा गळतो, पावसाचं पाणी शिरतं, आतली तार हिरवी पडते, की घ्या शिडी आणि चढा गच्चीवर. केबल गुंडाळलेला मोठा ड्रम घेतला तर एका इमारतीपासून दुसरीपर्यंत सलग वायर जाते. हवी तेवढी कापा, सगळा माल एका जातीचा, आणि ऐनवेळी दुकान बंद म्हणून काम अडत नाही. उल्हासनगर कॅम्प पाचमधला ह्यांचा सिंधी दुकानदार वर मीठमसाला लावायचा, "भाऊ, टुकडे में लोगे तो जिंदगीभर टुकडेही जोडोगे." एवढं ऐकलं की आमचे हे खलास.

खोटं कशाला बोलू, फायदा होताच. ह्यांच्या लाइनवर तक्रारी कमी यायच्या. उरलेल्या वायरीवर आख्ख्या चाळीचे कपडे वाळायचे. कोणाचा पत्रा उडतोय, कोणाची टाकी हलतेय, बांध केबलने. सुतळी कुजते, ही कुजत नाही.

चार वर्षांपूर्वी एका नव्या सोसायटीचं काम मिळालं आणि ह्यांनी सगळ्यात मोठा ड्रम उचलला. लाकडी, फळ्या ठोकलेला, माझ्या छातीएवढा उंच. चौघांनी गडगडत आणून पुढच्या खोलीत उभा केला. आमच्या खोल्या दोनच. "आठ दिवसांत जाईल," म्हणाले.

त्याच आठवड्यात मागच्या गल्लीत गच्चीवरची वायर चोरांनी कापून नेली. ह्यांची झोप उडाली. लगेच वेल्डरला बोलावून दाराला जाड अँगलची चौकट आणि लोखंडी जाळीचा दरवाजा बसवून घेतला. जाळीतून चोराचा हात किती आत येईल, तेसुद्धा मोजलं. वेल्डर गेला, ह्यांनी दारावर समाधानाने थाप मारली. दुसऱ्या दिवशी ड्रम बाहेर काढायला गेले, तर तो चौकटीत अडकला. दोन बोटं कमी पडली!

मी हसले हो. पदर तोंडात कोंबून हसले. ज्या ड्रमसाठी दार केलं, त्या दाराने ड्रमलाच कोंडलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पण नंतर हसू आलं नाही. चौकट कापा म्हटलं, तर म्हणे चोर. वायर खिडकीतून काढा म्हटलं, तर म्हणे ड्रम फोडला की सलग मालाची किंमत गेली. आठवडाभर हा घोळ चालला, तोवर त्या सोसायटीने सरळ फायबरच घेतलं. केसाएवढी काचेची तार! मग एकेक इमारत तिकडेच गेली. ड्रम राहिला. "फळ्याही न काढलेला ड्रम आहे, अख्खा विकला जाईल," हे म्हणत राहिले आणि मी चार वर्षं माझ्याच घरात स्वयंपाकघराकडे आडवी होऊन जात राहिले. पाहुणा आला की आधी ड्रमला नमस्कार. गणपतीत त्यावरच मखर. कधी कधी दुपारी त्याच्याकडे बघत बसले की वाटायचं, हा नाही, मीच अडकलेय.

यंदा माझी आई पडली. बदलापूरच्या पुढे गावात, भावाकडे होती. अंगणात पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण चालणं संपलं. भावाची बदली परराज्यात झाली, भाड्याचं घर महिनाअखेर सोडायचं होतं. आईला दुसरी मुलगी नाही. तिला माझ्याकडेच आणायला हवं होतं, आणि तिची खाट मावेल अशी आमच्याकडे एकच जागा होती. तिथे ड्रम.

"अहो, आई की ड्रम?"

"अगं, दम धर जरा. बदलापूरचा एक लॉजवाला येतोय. खोल्यांतल्या टीव्हींसाठी सगळाच घेतोय."

लॉजवाला आला. फळ्या ठोकून बघितल्या, माल आवडला, ड्रम दारापर्यंत लोटला आणि खो खो हसला. "दारपण सोबत देताय का?" म्हणाला आणि चहा पिऊन गेला. त्याच संध्याकाळी भावाचा फोन. "ताई, शनिवारी टेम्पो येतोय. आईला कुठे सोडू ते सांग." सोडू! जणू ती पण सामानच. मी फोन ठेवला आणि मोरीत जाऊन रडले.

दुसऱ्या दिवशी हे लाइनवर गेल्यावर मी शेजारच्या ताईंना हाक मारली. जुनी गादी टाकून, पहारेने रेटून आम्ही दोघींनी ड्रम तिच्यावर आडवा पाडला. हातोडीने फळ्या उचकटल्या. काळी जाड केबल खिडकीच्या गजांतून बाहेर सोडली, ताई गल्लीतून ओढत होत्या, मी आतून वेटोळी सोडत होते. मला भीती वाटत होती आणि फार बरंही वाटत होतं.

अर्धी निघाली नसेल तोच हे आले. चेहरा लाल. मी पहार हातात घेऊनच उभी राहिले. म्हटलं, आज होऊन जाऊ दे. त्यांनी तोंड उघडलं, गल्लीतला ढीग बघितला आणि ओरडले, "अगं, पीळ पडतोय! अशी काढतात का केबल?"

आणि बसले की खाली! त्यांच्या धंद्यात वायर गोल नाही, आठाच्या आकड्यासारखी गुंडाळतात, म्हणजे पीळ बसत नाही. वाकड्या पडलेल्या वायरीकडे बघवेना त्यांना. भांडण बाजूला राहिलं. हे गल्लीत बसून आठ घालत होते, मी आतून सोडत होते.

मध्येच वायर ओढली जायची थांबली. खिडकीतून पाहिलं तर हे एका जागी बोट फिरवत होते. तिथे काळी टेप होती. त्यांनी ती नखाने सोलली. आत जॉइंट निघाला.

फळ्या ठोकलेल्या ड्रमच्या पोटात दोन तुकडे जोडलेले. ज्या सलगपणासाठी चार वर्षं मला आडवं चालवलं, तो सलगपणा नव्हताच. किती दिवसांपासून शब्द साठवले होते मी! पण त्यांचा चेहरा बघवत नव्हता. मी चहा ठेवला.

शनिवारी आई आली. लाकडी ड्रम तोपर्यंत करवतीने कापून भंगारात गेला होता, खाट मांडून तयार होती. मंडळाकडून व्हीलचेअर मागून आणली होती. गल्लीतून मी आईला ढकलत दारापर्यंत नेलं आणि खुर्ची चौकटीला धडकली. मागे घेतली, तिरकी केली, पुन्हा लावली. दोन बोटं.

ह्यांनी आईला उचलून आत आणलं आणि खाटेवर ठेवलं. आई दाराबाहेर राहिलेल्या खुर्चीकडे बघत होती.

"आत आले खरी," ती म्हणाली. "आता बाहेर निघायचं ते चौघांच्या खांद्यावरूनच, होय गं?"

भाऊ जमिनीकडे बघत राहिला. हे चपला घालून निघून गेले. मला वाटलं, राग आला. म्हटलं, येऊ दे.

अर्ध्या तासाने ग्राइंडरचा आवाज आला. हे वेल्डरला घेऊन आले होते. ठिणग्या पार स्वयंपाकघरापर्यंत उडाल्या. शेजारच्या ताई कानावर हात ठेवून ओरडल्या, "अहो भाऊ, चोर आले तर?"

"येऊ देत," हे म्हणाले.

चौकट निघाली, जाळीचा दरवाजा भिंतीला टेकला. संध्याकाळी ह्यांनी आईला खुर्चीत बसवलं आणि सरळ गल्लीत नेलं. वर त्याच काळ्या केबलवर ताईंच्या साड्या वाळत होत्या. आई बराच वेळ येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे बघत बसली. मग वळून म्हणाली, "जावईबापू, एवढंसं तर काम होतं. आधीच का नाही कापलंत?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"माप चुकलं होतं, आई," हे म्हणाले.