सरदार घराण्यातला अडकित्ता

पाहुणे जेवायला आले की आमच्या यांची एक गोष्ट ठरलेली. फ्रान्समध्ये क्रांती झाली, राजाच्या महालातली चित्रं सरकारजमा झाली आणि जिथे फक्त सरदार फिरायचे तिथे पाववाले नि धोबिणी चित्रं बघत हिंडू लागल्या. "कला कुणा एकाची नसते," असं म्हणून हे मी कातरलेली सुपारी तोंडात टाकत. यांनी भारताच्या प्रत्येक खेपेत जमवलेले जुने अडकित्ते मात्र कपाटात, कुलपात.

मग इथे अमेरिकेत, कॅरी गावातल्या आमच्या मराठी मंडळाने आपल्या हॉलमध्ये छोटं संग्रहालय काढायचं ठरवलं. सेक्रेटरी पुण्याचा, आयटीतला. आमच्याकडे अनेकदा जेवलेला. त्याने यांना यांचीच गोष्ट ऐकवून अडकित्ते मागितले. आता नाही कोणत्या तोंडाने म्हणणार? मला, खरं सांगते, मजा वाटली.

मंडळी सामान न्यायला आली, तेव्हा मी त्यांना जेवू घातलं, वर सुपारीही कातरून दिली. अडकित्ता टेबलावरच राहिला. तो माझ्या आईचा. सांगलीत तिची खाणावळ होती, जेवून उठणाऱ्या प्रत्येकाला ती त्यानेच सुपारी कातरून द्यायची. मंडळींनी बाकीच्यांबरोबर तोही खोक्यात भरला. रात्री जेवणं झाल्यावर मी तो शोधत बसले.

उद्घाटनाला पाहते तर तोच मधोमध, खाली चिठ्ठी: 'सरदार घराण्यातील, दुर्मीळ.' बाकीचे कपाटात बसून काळवंडलेले, रोजच्या वापराने हा एकटाच लखलखीत. सेक्रेटरीला बाजूला घेऊन मी सगळं सांगितलं. तो हळूच म्हणाला, "काकू, लोक स्पेशली तोच बघायला थांबतायत. आता तो सगळ्यांचा झाला ना."

मी यांच्याकडे पाहिलं. हे शेजारीच होते, सगळं ऐकत होते. एक शब्द बोलले असते तरी पुरलं असतं. हे चष्मा पुसत बसले.

आता आमच्याकडे सुपारी दुकानातून कातरलेली येते. यांना ती आवडत नाही, पण तक्रार करायची सोय नाही. मी अधूनमधून हॉलवर जाते. आईच्या अंगठ्याने अडकित्त्याची पितळी मूठ एका जागी झिजलीय, माझाही अंगठा बरोबर तिथेच बसायचा. काचेबाहेरून ती जागा नीट दिसते. काचेवर पाटी आहे, 'हात लावू नये'. अक्षर यांचं आहे.