दोन रिकामे चौकोन

ड्यूटी सुरू झाली की वॉर्डातल्या सगळ्यात जुन्या सिस्टर यमुनाक्का आमच्या हातातली पेनं काढून घ्यायच्या. पहिल्या दिवशी मला ती चेष्टाच वाटली. पण त्यांनी खरोखर हात पुढे केला, माझं पेन आपल्या खिशात टाकलं आणि म्हणाल्या, "आधी पेशंटला हात लाव. पेन स्वल्प वेळानं देते."

कारण आठवड्याभरात कळलं. ज्याला स्वतःहून कूस बदलता येत नाही, त्या पेशंटला दर दोन तासांनी वळवायचं असतं, नाहीतर पाठीला जखम होते. त्याचा एक तक्ता खाटेच्या पायथ्याशी लटकवलेला असतो आणि वळवलं की त्या वेळेच्या चौकोनात सही करायची असते. बेंगळुरूच्या त्या खासगी हॉस्पिटलात अठ्ठावीस पेशंटना दर पाळीला दोनच सिस्टर, आणि कुणी रजेवर गेली की एकटीच. त्यामुळे बहुतेक जणी आल्या आल्या पुढच्या सगळ्या वेळांच्या सह्या एका दमात ठोकून मोकळ्या व्हायच्या. अक्कांना याची भयंकर चीड होती. "केलंस तर लिही," त्या म्हणायच्या, "नाही केलंस तर जागा रिकामी सोड. लाज वाटली तर वाटू दे."

अक्का चामराजपेटच्या. त्यांचं मराठी घराणं कितीतरी पिढ्यांपासून तिथलंच. त्यांच्या मराठीत निम्मं कानडी असायचं. मी निपाणीची, त्यामुळे मला कानडी नवं नव्हतं, पण त्यांची मराठी ऐकून मला हसू यायचं आणि माझी ऐकून त्यांना. वॉर्डात मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच. म्हणून त्या माझ्याशी गोड वागायच्या असं मात्र नाही. चादरीला एक सुरकुती राहिली म्हणून त्यांनी मला पेशंटच्या नातेवाइकांसमोर झापलं होतं. "सुरकुती तुला दिसत नाही गं, तिच्या पाठीला टोचते." पहिले काही महिने मला त्यांचा मनापासून राग यायचा. मग एकदा मी कोरमंगलाच्या पीजीत तापाने फणफणले होते, तेव्हा दोन बस बदलून त्या सार-भाताचा डबा घेऊन आल्या. मी जेवत होते तेवढा वेळ माझ्या खोलीतल्या पसाऱ्यावरून बोलत राहिल्या. त्या दिवसापासून माझा राग गेला.

हॉस्पिटलात क्वालिटी नावाचं एक खातं होतं. त्यातला टाय लावलेला तरुण लॅपटॉप घेऊन दर महिन्याला यायचा आणि रिकामे चौकोन मोजायचा. भरलेल्या चौकोनामागे काय आहे, हे त्याने एकदाही विचारलं नाही. जे लिहिलेलं नाही ते झालेलंच नाही असं धरतात, हे त्याने आम्हाला प्रशिक्षणात तीन-तीनदा सांगितलं. अक्कांनी शांतपणे विचारलं, झालंच नाही ते लिहिलं तर काय धरतात? तो हसला आणि पुढच्या मुद्द्याकडे वळला. अक्का माणसं वाढवून मागणारे अर्जही लिहायच्या. ते अर्ज कुठे जायचे देव जाणे.

अकरा नंबरच्या खाटेवर एक आजी आल्या. अर्धांगवायू झालेला, बोलता येत नव्हतं, कूसही बदलता येत नव्हती. त्या आठवड्यात सकाळी मी आणि दुपारी अक्का, अशा आमच्या पाळ्या होत्या. तिसऱ्या दिवशी दुपारी अक्का एकट्याच होत्या आणि दुसऱ्या एका पेशंटचा श्वास अडकला. त्या धावपळीत आजींना दोनदा वळवायचं राहिलं. अक्कांनी ते दोन चौकोन रिकामे सोडले, खाली लिहिलं की वॉर्डात एकटी होते, वळवता आलं नाही, आणि सही केली.

चौथ्या दिवशी आजींच्या पाठीवर जखम दिसली. नातेवाइकांनी तक्रार केली आणि चौकशी बसली. टेबलावर सगळ्या पाळ्यांचे तक्ते मांडले होते. माझा तक्ता पूर्ण भरलेला, रात्रपाळीचा पूर्ण भरलेला. रिकामे चौकोन फक्त अक्कांच्या नावापुढे.

नर्सिंग सुपरिंटेंडेंटनी मला विचारलं, "प्रत्येक वेळी वळवलंत?"

समोर अक्का बसल्या होत्या. मला जर्मनीला नोकरीसाठी जायचं होतं, त्यासाठी या हॉस्पिटलचं अनुभवाचं प्रमाणपत्र हवं होतं. मी "हो" म्हणाले.

अक्का एवढंच म्हणाल्या की खाली लिहिलंय तेही वाचा. एचआरच्या बाईंनी ते वाचलं आणि म्हणाल्या, म्हणजे तुम्हाला मान्य आहे. तीस वर्षांच्या नोकरीनंतर अक्कांना निष्काळजीपणाच्या शेऱ्यासह काढून टाकलं. तो शेरा पाहून दुसऱ्या कुठल्याच हॉस्पिटलने त्यांना घेतलं नाही. मला माझं प्रमाणपत्र मिळालं. त्यात माझ्या कामाच्या नोंदी अचूक असतात असं लिहिलं होतं.

जर्मनीला जायच्या आदल्या दिवशी मी चामराजपेटला गेले. अक्का अवरेकाळूच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा सोलत होत्या. मी सगळं सांगून टाकलं. माझ्या सह्या खोट्या होत्या, भीती वाटली म्हणून मी गप्प बसले, असं सगळं. त्यांचे हात थांबले नाहीत.

"ते मला तेव्हाच दिसलं," त्या म्हणाल्या. "सगळ्या सह्या एका हातानं एकाच घाईत केलेल्या. मी काय आज नर्स झाले?"

मग तिथे बोलला का नाहीत, मी विचारलं.

"माझ्या कागदाचं मी बोलले. तुझ्या कागदाचं तू बोलायचं होतंस." मग त्यांनी मान वर केली. "खरं सांग, सकाळी किती वेळा वळवायचीस आजींना?"

"एकदा," मी म्हणाले. "अंग पुसताना."

"ती जखम अजून भरली नाही म्हणे. जे. पी. नगरला घरीच असतात त्या. जाऊन आलीस?"

"नाही."

"मग माझ्याकडं कशाला आलीस?"

त्यांचा आवाज चढला नव्हता. त्यांना खरोखरच उत्तर हवं होतं आणि त्या थांबल्या होत्या. मी कशाला आले होते ते मला चांगलं माहीत होतं. सरी, ठीक आहे, जाऊ दे, असं त्यांनी म्हणावं आणि मला हलक्या मनाने विमानात बसता यावं, म्हणून. ते त्या म्हणाल्या नाहीत. त्यांनी पुढची शेंग उचलली.

आजींच्या घरचा पत्ता माझ्याकडे होता, केसपेपरवरून मी तो केव्हाच उतरवून घेतला होता. बाहेर ऑटोवाल्याने कुठे जायचं म्हणून विचारलं. मी कोरमंगला म्हणाले आणि खोलीवर जाऊन बॅग भरायला घेतली.