शिकवणीची इंग्रजी पावती

लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या वर्षी माझं काम वाढलं होतं. हे सांगताना अजूनही संकोच वाटतो. मी वकिलांसाठी कागदांची भाषांतरं करायचे, मराठीतून इंग्रजीत आणि उलट. नोकरी कुणाची नव्हती. भाड्याची खोली, टेबल, संगणक आणि मी. उदगीर जिल्हा होणार अशी बोलवा तेव्हा पुन्हा उठली होती. नवी कचेरी कोणत्या रस्त्याला येईल याच्या अंदाजावर लोक ट्रंकेच्या तळातून निजामाच्या काळातले जमिनीचे कागद काढून आणत. ते असायचे उर्दूत. मी नांदेडच्या इंग्रजी शाळेत शिकलेली; मला त्यातलं अक्षरही लागत नव्हतं.

म्हणून मी उर्दू शिकायला लागले. शिकवणारे उर्दू शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. गल्लीत सगळे त्यांना मास्तरसाहेब म्हणत. पहिल्या दिवशी मी कशीबशी फी विचारली.

"फी शाळंत असती, बेटा. घरी बसून चार अक्षरं सांगायची कसली फी?"

फुकट शिकायची मला लाज वाटायची. त्या उन्हाळ्यात त्यांच्या गल्लीतले नळ कोरडे होते. मी एकदा न विचारता टँकर सांगितला आणि त्यांच्या हौदात पाणी सोडायला लावलं. मास्तरसाहेब चिडले. तेव्हा त्यांची बायको, जिला मी चाची म्हणायचे, आतून ओरडली, "पोरीनं आणलंय तर गप घ्या की. तुमच्या उर्दूनं भांडी निघनात!" त्यानंतर आणखी पाच टँकर मी दिले. मास्तरसाहेबांनी पुन्हा काही म्हटलं नाही.

शिकवताना त्यांचा एक नेम होता. कागद हातात घेतला की आधी शेवटाकडं बघायचं, सही कुणाची, साक्ष कुणाची. मग पहिल्या ओळीपासून. "न वाचता सही केली त्यांच्याच जमिनी गेल्या," असं ते म्हणायचे.

वर्ष संपल्यावर मी विवरणपत्र भरायला कर सल्लागाराकडे गेले. शिकण्याचा खर्च वजा होतो का, असं मी भीतभीत विचारलं.

"आधीपासून जे काम करताय त्याच्याचसाठी शिकलात ना? मग बसतंय खर्चात. नव्या धंद्यासाठी शिकला असता तर बसलं नसतं. पावती आणा."

"त्यांनी फी घेतली नाही. मी पाण्याचे टँकर दिले."

तो हसला. "मॅडम, आयकराच्या फॉर्मात पाणी लिहू का मी? महिना दोन हजार धरा, नऊ महिने. अठरा हजार. मास्तरांची सही आणा. पेन्शनवाल्या म्हाताऱ्याला कोण इचारायला येतंय?"

मी गप्प राहिले. माझ्या गप्प राहण्याला लोक होकार समजतात हे मला लहानपणापासून माहीत आहे. त्या दिवशी ते माझ्या सोयीचं होतं.

पावती मी घरी टाईप केली. इंग्रजीत. सल्लागाराला मराठी पावती चालली असती. मास्तरसाहेब मराठी सरसर वाचायचे, इंग्रजी त्यांना जेमतेम यायचं. हे मी तेव्हा मनातसुद्धा मांडलं नाही, पण बोटांना ते ठाऊक होतं.

"तुम्ही मला शिकवलं, एवढंच लिहिलंय," कागद मास्तरसाहेबांपुढं ठेवत मी म्हणाले.

"ठेव. उद्या ने."

दुसऱ्या दिवशी सही केलेला कागद मिळाला. माझा कर वाचला साडेअठराशे रुपये.

पुढं बऱ्याच आठवड्यांनी एका जुन्या खरेदीखताचा धडा चालू होता. त्यात एक ओळ होती, पूर्ण रक्कम मिळाली, काही बाकी नाही. मास्तरसाहेब म्हणाले, "हे सगळ्याच कागदात असतंय. मिळाले म्हणून लिहून द्यायचे लोक. मिळालेले न्हाई असायचे." त्यांची नजर कागदावरच होती.

"मास्तरसाहेब, त्या पावतीत..."

"अठरा हजार," ते म्हणाले. "कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याकडून वाचून घेतली मी त्याच दिवशी. न वाचता सही करीन होय?"

"मग केली कशाला?"

"वाटलं, कुठं अडली असशील. दुष्काळाचं साल, एकटी राहून राहिलीस. सांगायला लाजती ही पोरगी, हे तर ठाव होतं. कुणी आलंच विचारायला तर 'हाव, घेतले' म्हणायचं ठरवलं होतं. हिलाबी सांगून ठेवलं होतं."

आतून चाची म्हणाली, "मला बाई तो आकडाच पाठ होईना. मी पंधरा सांगून बसले असते."

दोघंही हसले. मला हसता आलं नाही. ही दोन म्हातारी माणसं कित्येक दिवस माझं खोटं पाठ करत होती.

दुसऱ्याच दिवशी मी सल्लागाराकडून विवरणपत्र दुरुस्त करून घेतलं. "साडेअठराशेपायी एवढा ताप!" तो वैतागून म्हणाला. मग टँकरचा खरा खर्च तरी लावू का, असं त्यानं विचारलं. मी नको म्हटलं. त्यासाठी टँकर फीपोटी घेतले असा दुसरा कागद मास्तरसाहेबांपुढं सहीला धरावा लागला असता. राहिलेला कर मी व्याजासह भरला. दुरुस्तीचं मास्तरसाहेबांना सांगितलं, तेव्हा त्यांनी "बरं केलंस" म्हणून पुढचा कागद उघडला. चाचीला वेगळं सांगायचं मात्र माझ्याकडून राहिलं.

महिनाभरानं त्यांच्याकडं उदगीरहून पाहुणे आले होते. मी दारातच होते. चाचीनं माझी ओळख करून दिली, "ही आमच्याकडं शिकायला येती. फुकट न्हाई हां, चांगली फी देती." बोलताना तिनं माझ्याकडं अशा काही नजरेनं पाहिलं की मला कळलं, ती अजून मला सांभाळत होती.

"नाही," मी म्हणाले. आवाज नको तेवढा मोठा निघाला. "मी फी दिलेली नाही. कधीच."

पाहुणे चाचीकडं बघायला लागले. तिचा चेहरा एवढासा झाला. ती काहीतरी पुटपुटत चहा ठेवायला आत गेली. चार माणसांत तिला मीच खोटं पाडलं होतं. मास्तरसाहेब पाहुण्यांना पावसाचं काहीतरी विचारायला लागले, आणि मी चप्पल काढावी की परत जावं, हे न कळून तशीच उंबऱ्याशी उभी राहिले.