मुक लोमच्या जोडीच्या विटा

हे लिहिणारच नव्हते मी. दोनदा लिहून खोडलं, कारण मुक लोमला कळलं तर ती माझंच थोबाड फोडेल. पण राग आवरतच नाहीये.

मुक म्हणजे आजी. लोमआजी सत्तरीची, डोळ्यांत मोतीबिंदू, जिभेला धार. आमच्या काते सणाआधी टेकडीवरच्या मंदिराचा ढासळलेला कोपरा उभा करायचा, म्हणून तिने सात महिने विटा घासल्या. तिच्या घराण्यात चुना नाही, सिमेंट नाही. दोन विटा भिजवून एकमेकींवर घासायच्या, मधे केससुद्धा शिरणार नाही अशा. मग त्या दोघी जन्माच्या, तिसरी चालत नाही.

तर मंगळवारी ती मंदिराच्या अंगणात आली नि बघते तर काय, शहरातून आलेल्या खांग इंजिनिअरने दोनशे जोड्या मोडून विटा आकाराप्रमाणे रचलेल्या. दुकानातल्या साबणाच्या वड्यांसारख्या!

"कुणी केलं हे?"

"मी, मुक. नुसता पसारा होता."

"पसारा तुझ्या टाळक्यात आहे, मेल्या!"

"अहो, विटाच आहेत. नाही जुळल्या तर सोमवारी सिमेंट भरतो. सणाला कोपरा दिसल्याशी मतलब."

"भर की! पावसात मीठ सुटेल त्याला, नि शेजारची नाचणारी मूर्ती पायापासून पीठ होऊन गळेल. दगडी दिसते, पण विटेचीच आहे ती!"

खांग चिडला. हाताला लागल्या त्या दोन विटा उचलून खसाखसा घासायला लागला. "हे बघा, बसवतो!" मुक लोम किंचाळलीच. त्या दोघींच्या खऱ्या जोडीदारणी आता कायमच्या वाया! तिने त्याच्या मनगटावर चप्पल हाणली. खरंच हाणली. "आमच्यात मुलगी मुलाला मागणी घालते. तुला एकही घालणार नाही, लिहून ठेव!"

खांगबरोबर आलेले गवंडी फिदीफिदी हसले. मदतीला एक पुढे आला नाही.

तेव्हापासून ती चिंचेखाली बसून विटेवर वीट ठेवते, जराशी सरकवते, ऐकते. करकरली की बाजूला. गप्प बसली की तीच. एक्केचाळीस जोड्या सापडल्यात. आज शुक्रवार. खांग येऊन विचारतो, "झालं का, मुक?" ती त्याच्या बुटाशी पानाची पिंक टाकते.

तिला हात हवेत, मरेल पण मागणार नाही. तुम्ही जा. उद्याच जा, सोमवारच्या आत. शिव्या देईल, खा. पण शेजारी बसा, वीट घ्या आणि देवाशपथ, घासू नका.