रडण्याच्या प्रसंगाला वस्तरा खाली

जळोचीत मी ज्यांच्याकडं दाढी करतो, त्यांच्या दुकानातला टीव्ही कायम जुन्या सिनेमांच्या चॅनेलवर असतो. चॅनेलनं कुठलं गाणं कापलं, ते त्यांना तोंडपाठ. बाकावरचे तात्या दुसऱ्या चॅनेलचे.

"तितं गाणी कापत न्हाईत."

"व्हय, पण जाहिराती संपेस्तोवर दाढी परत उगवती."

रडण्याचा प्रसंग आला की ते वस्तरा खाली ठेवतात. हात थरथरतो म्हणतात. गिऱ्हाईक फेस घेऊन बसून राहतं.

त्या दिवशी इंदापूरच्या कॉलेजात माझी मुलाखत होती. घरातला मी पहिला पदवीधर, म्हणून ते मला नोकरीआधीपासूनच सर म्हणतात. अर्धी दाढी झाली आणि पडद्यावर आईच्या हाती फौजेतल्या मुलाचं पत्र आलं. एसटीला दहा मिनिटं होती. मी घड्याळाकडं पाहिलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि टीव्हीच बंद केला. असं कधी झालं नव्हतं.

दुसरा गाल सुरू झाला. तात्यांना राहवेना. "आता ती माऊली पत्र उघडती बघा..."

"तात्या, गप बसा," मनगटानं डोळे पुसत ते म्हणाले. "गळ्यावर वस्तरा हाय, अन् सरांना नोकरी लागायचीय."