पुढचा हुक

आष्ट्यातल्या माझ्या गॅरेजात हे गिऱ्हाईक आलं, की माझं डोकं फिरतं. बंद पडलेल्या गाड्या ओढून आणायचा धंदा आणि स्वतःची पिकअप पार थकलेली. मी दर खेपेला सांगतो, "आवं, क्लचप्लेट संपलीया, आधी ती बदला."

"व्हय व्हय, पुढच्या खेपेला," म्हणतो आणि गाणं म्हणणारा हॉर्न बसवून जातो. मागचा ओढायचा हुक तर त्यानं हत्ती बांधावा इतका जाड करून घेतला.

काल त्याचीच पिकअप ट्रॅक्टरनं ओढून आणली. पुढं हुकच नाही, म्हणून मागच्या हुकाला दोर बांधून, भर बाजारातून उलटी. हा आत बसून हॉर्न वाजवतोय! क्लच जळून गेलेला. मी तोंड उघडायच्या आत उतरला आणि हुकावर थाप मारून म्हणाला, "बघितलास न्हवं? जरासुदिक हलला न्हाई. आता आसलाच एक पुढं बी लाव."